उमटायला वेळ लागतो

१

जेवणघराला खिडकी नव्हती. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध ते बसलेलं होतं, दोन सुनांच्या भांडणात सापडलेल्या सासऱ्यासारखं, अगदी गप्प. उजेड मिळायचा तो उसना. सकाळी पुढच्या खोलीतून थोडा, संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारातून थोडा. छताला दिव्याची जागा होती, पण त्या दिव्यानं कधीच मान टाकली होती. नवा बल्ब लावला की तो एकदा डोळा मिचकवायचा आणि विझायचा.

म्हाताऱ्याचं त्यावाचून काही अडत नव्हतं. त्याचं सगळं आयुष्य अंधारात गेलं होतं. दुःखात नव्हे, खरोखरच्या अंधारात. एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत तो फोटो धुवायचा. पुढे मालक लोकांना हसायला लावायचा आणि मागे हा लाल दिव्याखाली ते हसू पाण्यातून वर काढायचा. मालक त्याला घुबड म्हणायचा. "घुबड तर घुबड," तो घरी येऊन बायकोला सांगायचा, "निदान त्याला अंधारात दिसतं तरी."

बायको गेल्यावरही तो त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत बसून जेवायचा. समोर भिंतीला लागून दोन खुर्च्या होत्या. त्यातली डावीकडची तिची. जेवण झालं की ती डोकं मागे भिंतीला टेकवायची, पाय सैल सोडायची आणि दिवसभराचं सगळं बोलून टाकायची. तिच्या केसांच्या तेलाचा बशीएवढा डाग भिंतीवर पडला होता. म्हातारा त्या डागासमोर जेवायचा. कधी दोन शब्द बोलायचाही. डोकं काही फिरलं नव्हतं त्याचं. बोलायचं, पण उत्तराची वाट बघायची नाही, एवढं भान होतं.

मग एका संध्याकाळी त्याच खोलीत स्टुलाला अडखळून तो पडला आणि मनगट सुजवून बसला. लेक धावत आली.

"बाबा, या खोलीत मांजरसुद्धा चाचपडेल."

"मांजराला अंधारात दिसतं, पोरी."

"तुम्ही मांजर नाही. आणि आता घुबडही राहिला नाहीत. वायरमनला बोलावते."

वायरमन आला. त्यानं भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केली, कान लावला, डॉक्टरसारखा चेहरा केला. आतल्या वायरी कुजल्या आहेत म्हणाला, भिंत वरपासून खालपर्यंत फोडावी लागेल. कुठून फोडायची ते त्यानं पेन्सिलनं दाखवलं. रेघ बरोबर त्या डागातून गेली. म्हाताऱ्यानं त्याला चहा पाजला, दारापर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं.

"काय ठरलं?" लेकीनं विचारलं.

"भिंत फोडायची नाही."

"का पण?"

म्हातारा डागाकडे बघत राहिला. लेकीनंही तिकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. आईवेडीच होती तीही.

"बरं," ती म्हणाली. "वायरमन नको. पण उजेड हवा. एक तर ही खोली उजळायची, नाही तर माझ्या घरी राहायला यायचं. गाठोडं बांधून नेईन, सांगून ठेवते."

२

रविवारी ती रंगाचा डबा, दोन ब्रश आणि भलीमोठी पिशवी घेऊन आली. नवऱ्याला आणि मुलांना घरी ठेवून आली होती. "ती सगळी आली की काम कमी, चिखल जास्त," म्हणाली.

पिशवीतून एकेक वस्तू निघाली. नुसत्या प्लगवर चालणारा उभा दिवा. फळीखाली चिकटवायचे बॅटरीचे चपटे दिवे, बोटानं दाबलं की लागणारे. टेबलावर घालायला पांढरं कापड. स्वयंपाकघराच्या दारातला जाड पडदा तिनं आधी उतरवून टाकला. "हा उजेडाला दारातूनच हाकलतो." कपाटाच्या काचा ओल्या फडक्यानं पुसल्या, तशा त्याही चमकल्या.

"आणि ही भिंत पांढरी करायची. पांढऱ्या भिंतीनं निम्मा उजेड वाढतो."

"डाग जाईल," म्हातारा म्हणाला.

"फोडण्यापेक्षा रंग बरा ना, बाबा?"

त्याला ते पटलं. रंगाच्या आत तरी राहील, म्हणाला. पहिला हात त्यानंच मारला. डागाच्या बाजूबाजूनं तो इतक्या हळू ब्रश फिरवत होता, की लेक हसली. "झोपलेल्या माणसाची दाढी करताय का?" मग तिनं त्याच्या हातातून ब्रश घेतला आणि उरलेलं काम उरकलं.

भिंत पांढरीफेक झाली. लेक दमली होती. कपाळावर चढवलेला चष्मा विसरून ती उजवीकडच्या खुर्चीत, आईच्या शेजारच्या, धपकन बसली आणि सवयीनं डोकं मागे टेकवलं. सवय आईचीच.

"अगं, ओला आहे रंग!"

ती दचकून पुढे झाली. मागचे केस पांढरे झाले होते. भिंतीवर डोक्याचा ठसा उठला होता, अगदी केसांच्या रेघांसकट.

"झाली म्हातारी," म्हातारा म्हणाला.

"तुमच्यामुळंच. द्या तो ब्रश, ठसा पुसते."

"राहू दे. तेवढं राहू दे."

खरं तर त्याला बरं वाटलं होतं. एक डाग झाकला, त्याच्या शेजारी दुसरा आला.

अंधार पडताना तिनं सगळे दिवे लावले. खोली कधी नव्हे ती उजळली. कोपऱ्यातली जळमटं, टेबलाच्या पायावरचे ओरखडे, सगळं दिसायला लागलं. "बघा," लेक म्हणाली, "वायरमनशिवाय." जाताना तिनं बजावलं की रोज जेवताना ती फोन करणार, आणि दिवे लागले आहेत का ते विचारणार.

३

दिवे चांगले होते. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांना ते सोसेनात. पांढरी भिंत, पांढरं कापड, पांढरा उजेड. दवाखान्यात बसून जेवल्यासारखं वाटायचं. आणि समोरची खुर्ची आता फारच रिकामी दिसायची. अंधारात तिला रिकामी असायला जरा आडोसा होता.

त्याला माळ्यावरचा लाल दिवा आठवला.

स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकानं विचारलं होतं, काय हवं ते ने. बाकीच्यांनी कॅमेरे मागितले. यानं डार्करूममधला लाल दिवा मागितला. पत्र्याचा डबा, पुढे लाल काच, मागे वायर आणि प्लग. म्हाताऱ्यानं तो पुसला, फळीवर ठेवला आणि प्लग लावला. खोलीत ओळखीचा, निखाऱ्यासारखा उजेड पसरला. वाटी कुठे, पेला कुठे, दिसत होतं. पडायची भीती नव्हती. हाही दिवाच, आणि वायरमन यालाही लागत नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. फोन आला तेव्हा तो खोटं बोलला नाही.

"दिवा लावलाय का, बाबा?"

"लावलाय."

सुखानं जेवला तो. हात धुऊन परत आला, तेव्हा समोरच्या भिंतीवर, डावीकडच्या खुर्चीच्या वर, डाग दिसला.

हसला तो. तेल कुठे रंगाला ऐकतंय? तेलकट भिंतीवर रंग दिला की डाग आतून वर येतो, हे कुणीही सांगेल. त्यानं जवळ जाऊन बोट फिरवलं. रंग कोरडा होता, गुळगुळीत. बोटाला काही लागलं नाही.

एकच गोष्ट त्याला खटकली. तेलाचा डाग वर येतो तो पिवळा येतो. हा करडा होता.

४

रोज संध्याकाळी लाल दिवा लावायचा, जेवायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं, अशी रीत पडली. करडा रंग हळूहळू काळा होत गेला. गोल डाग आता गोल राहिला नव्हता. वर त्याला मधोमध एक बारीक पांढरी रेघ उमटली होती. भांग.

ज्यानं हजारो फोटो धुतले, त्याला हे सांगावं लागत नाही. कोरा कागद ट्रेमधल्या पाण्यात सोडला की आधी काहीच दिसत नाही. मग जे काळं असतं ते आधी येतं. केस येतात, भुवया येतात, कपड्याची गडद घडी येते. चेहऱ्याचा उजळ भाग सगळ्यात शेवटी. नवशिका माणूस घाई करतो, कागद लवकर उचलतो आणि माणूस धुक्यात राहून जातो. उमटायला वेळ लागतो. ट्रे नुसता हलवत राहायचा, पाळणा हलवावा तसा.

तो आवाजही यायला लागला होता. पाणी पत्र्याच्या ट्रेमध्ये या कडेला जाऊन त्या कडेला येतं, तसा. डुबुक, मग जरा थांबून, डुबुक. भिंतीतून पाइप गेला असेल. शेजारी कुणी बादली भरत असेल. म्हातारा उठून शेजारच्या भिंतीला कान लावून आला. तिकडे शांत होतं. परत खुर्चीत बसला, तसा आवाज सुरू झाला. शिवाय एक आंबूस वास. डार्करूमचा वास. बायको त्याच्या शर्टाला तो वास येतो म्हणून नाक मुरडायची आणि तोच शर्ट उशाशी घेऊन झोपायची.

"म्हातारपण," तो स्वतःशी म्हणाला. "नाकालाही आठवणी येतात."

पण प्लग काढायचं त्याच्या जिवावर आलं. त्याला कारण होतं.

जगाचे फोटो धुणाऱ्या या माणसाकडे बायकोचा एकही धड फोटो नव्हता. फोटो होते, पण सगळ्यांत तिचे डोळे मिटलेले. फ्लॅश उडायच्या आधी तिला कसं कळायचं कुणास ठाऊक, ती बरोबर डोळे मिटायची. लग्नात मिटलेले, लेकीच्या बारशाला मिटलेले. मालक वैतागायचा. "अहो वहिनी, कॅमेरा काय चावतो का?" ती खळखळून हसायची, आणि हसतानाही डोळे मिटायची. म्हातारा म्हणायचा, काय बिघडलं? डोळे तर मी रोज बघतो, टेबलापलीकडे.

आता ते डोळे त्याला आठवेनासे झाले होते. आवाज आठवायचा, हात आठवायचे, चालण्याची लय आठवायची. डोळ्यांशी आलं की मन कोरं. रंग आठवायचा, पण रंग म्हणजे नजर नव्हे. टेबलापलीकडून ती त्याच्याकडे कशी बघायची, ते गेलं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन ते सापडणार नव्हतं. सापडलं तर इथंच, या खुर्चीतून समोर बघताना.

एका संध्याकाळी भुवया आल्या. डावी जरा वर उचललेली, तशीच. म्हाताऱ्याच्या हातातला घास हातात राहिला.

भुवयांच्या खाली काही नव्हतं. नुसतं पांढरं. डोळे उघडे असते तर बुबुळं भुवयांबरोबरच यायला हवी होती. ती काळी असतात. पण एखादा कागद रेंगाळतो, भुवया आधी, बुबुळं मागाहून. असंही होतं. होतं का असं? त्यानं आठवून पाहिलं. मग आठवणं सोडलं आणि नुसता बसून राहिला.

५

लेक आली तीच मुळी भिंतीला हात लावत आली. पुढच्या खोलीत बसली, चपला काढल्या आणि तशीच बसून राहिली.

"काय गं, बरं नाही का?"

"दमायला होतं हल्ली. काही केलं नाही तरी. डॉक्टर म्हणतात रक्त ठीक आहे, बीपी ठीक आहे, सुट्टी घ्या." मग ती हसली. "गंमत सांगू? ऑफिसात हजेरीचं मशीन आहे ना, चेहरा दाखवून आत जायचं ते. मला ओळखतच नाही. सगळे पटापट आत जातात आणि मी आपली उभी, चष्मा काढ, चष्मा घाल, केस मागे घे. वॉचमन म्हणतो, बाई, तुम्ही खरंच इथं काम करता ना?"

"रंग जरा उडाल्यासारखा दिसतोय तुझा."

"तुमच्या भिंतीला लागला ना सगळा."

म्हातारा हसला. तेव्हा त्याच्या काही ध्यानात आलं नाही. चहा करायला तो स्वयंपाकघरात गेला. बाहेर दिवस कलला होता. फळीवरचा लाल दिवा त्यानं लेक यायच्या आधीच लावून ठेवला होता. पाठीमागे लेकीची पावलं जेवणघरात शिरली.

"बाबा, हे काय लाल लाल? माझा दिवा कुठे गेला?"

"दिवा लावू नकोस!"

असा तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. डार्करूमच्या दारावर कुणी हात ठेवला की तो असा ओरडायचा, पण ते स्टुडिओत. घरात नाही. लेकीचा हात बटणावरच थिजला, पण बटण दाबलं गेलं होतं.

पांढऱ्या उजेडात भिंत पांढरी दिसली. फार निरखलं तर दोन सावल्यांसारखं काहीतरी. लेकीला ते दिसलं नाही. ती बापाकडे बघत होती. म्हाताऱ्यानं मात्र बघितलं की डावीकडची सावली उजेडात विरत नव्हती. काळवंडत होती. धुऊन पक्क्या न केलेल्या फोटोवर उजेड पडला की तो पुसला जात नाही. काळा पडतो, सगळाच्या सगळा.

त्यानं लगबगीनं बटण बंद केलं.

"बाबा," लेक अगदी हळू म्हणाली, "तुम्ही लाल दिव्यात एकटे बसून जेवता?"

"डोळ्यांना बरं वाटतं."

"आणि माझ्यावर ओरडलात ते?"

लेकीनं पदरानं डोळे पुसले. "पुढच्या रविवारी येते. तयार राहा. मी ऐकणार नाही आता. आईनंही ऐकलं नसतं."

ती चहा न पिता गेली. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज नेहमीपेक्षा हलका होता, जणू रिकाम्या चपलाच उतरत होत्या.

६

त्या संध्याकाळीही तो लाल दिव्यात बसला. हातात थोडेच दिवस होते. रविवारच्या आत डोळे यायला हवे होते.

डुबुक, डुबुक.

समोर ती होती. केस, भांग, भुवया, आता नाकाची एक कड, गळ्याजवळची काळी सावली. म्हातारा पुढे झुकला. भुवयांच्या खाली, त्या कोऱ्या जागेत, पांढरं आता पुरतं पांढरं नव्हतं. टोकदार पेन्सिल नुसती टेकवून उचलावी, तसे दोन ठिपके.

येत होते.

"ये," तो म्हणाला. "ये गं, घाई नाही." आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यानं क्षणभर नजर बाजूला वळवली.

उजवीकडच्या खुर्चीच्या वर, जिथं रंगात डोक्याचा ठसा उठला होता, तिथंही कुणीतरी उमटत होतं.

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपणच. नवरा-बायकोचा फोटो असाच असतो, शेजारीशेजारी. त्याला बरंही वाटलं. मग त्यानं नीट बघितलं. केस दाट होते. त्याच्या डोक्यावर तर आता चंद्र उगवला होता. आणि केसांच्या वर, कपाळाशी, दोन गोल काचांची कड चमकत होती. कपाळावर चढवून विसरलेला चष्मा.

बायकोच्या शेजारची ही दुसरी आकृती फार पुढे गेलेली होती. भुवया, नाक, ओठ. गालाचा उजळ भागसुद्धा येत चालला होता. तो शेवटी येतो.

मशीन मला ओळखतच नाही, बाबा.

म्हातारा उठला. डोकं सांगत होतं, हा रंगातला ठसा आहे, ओल आहे, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लेक दमली आहे कारण दोन मुलं आहेत, नोकरी आहे आणि एक हट्टी बाप आहे. डोकं बरोबरच सांगत असेल. तो उभ्या दिव्याच्या बटणाशी गेला. बटणावर बोट ठेवलं आणि तिथंच थांबला. उजेड पडला की काळं होतं. दोघीही. काळं होणं म्हणजे नाहीसं होणं का, की आणखी काही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि लाल दिव्याचा प्लग काढून नुसतं सोडून द्यावं तर कागद अजून पाण्यातच. अंधारातही तो उमटत राहतो.

ट्रेचा आवाज आता थांबत नव्हता.

डार्करूममध्ये एक चूक होते, ती सगळ्यात वाईट समजतात. एका कागदावर एक माणूस घेतलेला असतो आणि त्याच जागेवर चुकून दुसरा माणूस घेतला जातो. मग दोघांतला जो गडद, तो राहतो. फिका झाकला जातो. मालकानं अशा चुकीपायी एकदा त्याला दिवसभर शिव्या घातल्या होत्या.

बायकोच्या भुवयांखालचे ठिपके आता ठिपके राहिले नव्हते. अजून जरा वेळ. तो आपल्या खुर्चीत बसून राहिला असता तर त्याला दिसलं असतं. हे त्याला स्पष्ट कळत होतं. इतकं स्पष्ट त्याला बरेच दिवसांत काही कळलं नव्हतं.

त्यानं आपलं ताट उचललं. टेबलाला वळसा घालून तो भिंतीकडे गेला. तिच्याकडे न बघता, कारण बघितलं असतं तर पाय उचलला नसता. उजवीकडची खुर्ची ओढली, बसला आणि डोकं मागे टेकवलं. लेकीचा ठसा जिथं होता, बरोबर तिथं. भिंत गार असायला हवी होती. ती पाण्यासारखी होती.

समोर त्याची स्वतःची खुर्ची रिकामी. शेजारच्या खुर्चीत, अगदी कोपराशी, कुणीतरी श्वास आत घेतला.

त्यानं मान वळवली नाही. मान वळवली की ठसा हलतो.

७

"बाबा, ऐका तरी!" फोनवर लेकीचा आवाज खणखणीत होता. "मशीननं आज पहिल्या झटक्यात ओळखलं. वॉचमन म्हणाला, नोकरी वाचली बाई तुमची."

"भूक लागते का नीट?"

"बकासुरासारखी. आणि तुम्ही? दिवा लावलाय का?"

"लावलाय."

तो रोज तिथंच बसत होता. जेवायला वेळ लागायचा, कारण डोकं हलवायचं नसायचं. कोपरापाशी कुणी आहे हे त्याला कळायचं, जसं झोपेत कळतं. कधी आंबूस वास, कधी ओल्या केसांचा. काही विचारावं असं फार वाटायचं, पण विचारलं की तोंड वळतं. मग तो समोरच्या रिकाम्या खुर्चीलाच सांगायचा, आज वांगी स्वस्त होती, आज गुडघा दुखला. ऐकणारं शेजारी होतं.

एकदा पाववाल्यानं त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला आधी पाव दिला. "काका, दिसलाच नाहीत हो," नंतर तो म्हणाला. म्हातारा म्हणाला, असू दे.

रविवारी लेक आली. गालांवर रंग होता, आवाजात धमक होती. पिशवी भरायला लागणार तोच बापाकडे बघून थबकली.

"किती पांढरे पडलात, बाबा."

"वय झालं. एक ऐकशील? आज एक वेळ माझ्याबरोबर इथं जेव. माझ्या पद्धतीनं. मग तू म्हणशील तसं."

तिला वाईट वाटत होतंच, त्याच्या ओरडण्याचं नव्हे, आपण रुसून गेल्याचं. तिनं वाढून घेतलं. तो भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुमची खुर्ची ही."

"तू बस तिथं. मला इथं बरं वाटतं."

लाल दिवा लागला. लेक बापाच्या खुर्चीत, त्याच्या समोर बसली. पहिले दोन घास ती ऑफिसातलं काहीतरी सांगत होती, कुणाच्या डब्यातली भाजी कुणी खाल्ली ते. बोलता बोलता तिनं मान वर केली. बोलणं मधेच तुटलं. तिची नजर बापाच्या चेहऱ्यावरून सरकली, त्याच्या शेजारी, जरा मागे, आणि तिथं थांबली.

खोलीत आवाज नव्हता. पाण्याचाही नव्हता.

"काय गं?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी भरून आलं होतं, पण चेहरा रडवा नव्हता. लहानपणी शाळेतून येताना लांबून आई दिसली की तिचा चेहरा असाच व्हायचा.

"आई," ती म्हणाली. "आई तुमच्याकडे बघतेय, बाबा."

म्हाताऱ्याच्या हातातला चमचा ताटात खाली आला. डोकं भिंतीला टेकलेलंच होतं. शेजारून कुणाचा तरी श्वास त्याच्या कानाला लागत होता. थंड आणि अगदी जवळ.

"डोळे उघडे आहेत का तिचे?"

लेकीनं हातातला घास ताटात ठेवला.

"उघडे आहेत," लेक म्हणाली. आणि मग टेबलावरून हात पुढे करून तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. आवाज इतका खाली गेला की ओठांवरून कळावा. "पण तुम्ही आत्ता वळू नका. बाबा, काही झालं तरी वळू नका."

"नाही वळत," म्हातारा म्हणाला. "तू जेव, बाळ."